तेराचं पान

आमच्या धंद्यात ‘ढोबळ आकडा’ नावाची एक वस्तू आहे. ती बहुधा फोनवर मागितली जाते. पलीकडे विक्री विभागातलं कोणीतरी ग्राहकाच्या ऑफिसबाहेर जिन्यात उभं असतं आणि म्हणतं, “मॅडम, अगदी ढोबळ सांगा, मी कुठे लिहून देत नाहीये.” आपण ‘तीन-चार आठवडे’ म्हटलं की त्यातले तीन पुढे जातात, चार तिथेच राहतात. संध्याकाळी ते तीन आठवडे ईमेलमध्ये दिसतात, पुढच्या आठवड्यात कोटेशनमध्ये. महिन्याभराने, ज्या मुलाला ते काम प्रत्यक्ष करायचं आहे त्याच्यासमोर ते तारीख होऊन उभे राहतात. मधल्या काळात त्या मुलाला कोणी काही विचारलेलं नसतं.

या कामात माझी वीसेक वर्षं गेली. अंदाजाच्या पद्धती बऱ्याच पाहिल्या, काही राबवल्या, काही नव्या मुलांना शिकवल्या. त्या सगळ्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. आकडा कोणासमोर उच्चारायचा आहे आणि मोठा आकडा उच्चारला तर आपलं काय होईल, यावर त्या आकड्याचा खरेपणा सगळ्यात जास्त अवलंबून असतो. सूत्रं आणि तक्ते यांचा नंबर त्यानंतर लागतो.

सुरुवातीची वर्षं मी हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत होते. परदेशी ग्राहक, मोठमोठे प्रकल्प. अंदाजासाठी एक्सेलची शीट असायची. प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक रिपोर्ट ‘सोपा’, ‘मध्यम’ की ‘अवघड’ ते भरायचं, की कोडिंगचे तास आपोआप येत. त्यावर टेस्टिंगचे इतके टक्के, रिव्ह्यूचे इतके, व्यवस्थापनाचे इतके, आणि खाली बेरीज: मॅन-डेज. दिसायला फार शास्त्रीय. पण ही शीट भरायला घेण्याच्या आधीच वरून एक आकडा आलेला असे, कारण काम मिळवायचं तर त्याच किमतीत मिळणार होतं. मग ‘अवघड’चे ‘मध्यम’ करत, ‘मध्यम’चे ‘सोपे’ करत बेरीज त्या आकड्याला आणून भिडवायची. याला ‘फिट करणं’ म्हणत. मुलांना हे ठाऊक असल्यामुळे ती आपल्या आकड्यात आधीच बफर घालत. लीडला हे ठाऊक असल्यामुळे तो कापत असे. मॅनेजर पुन्हा थोडं वाढवे, ग्राहकाचा खरेदी विभाग पुन्हा कापे. शेवटी उरलेल्या आकड्यावर कोणाचाच विश्वास नसे, सह्या मात्र सगळ्यांच्या असत.

मग प्रकल्प मागे पडला की माणसं वाढवली जात. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/360 या अवाढव्य प्रकल्पाच्या अनुभवावरून ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं ते 1975 साली. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की उशीर वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष आमच्या प्रत्येक मॅनेजरला माहीत होता. कारणही सरळ आहे. पाच जणांच्या टीममध्ये आपसातल्या दहा जोड्या होतात, दहा जणांच्या टीममध्ये पंचेचाळीस. त्यातल्या प्रत्येक जोडीला कधी ना कधी एकमेकांशी बोलावं लागतं. शिवाय नव्याला शिकवायला तोच बसतो ज्याला काम सगळ्यात चांगलं येतं. आमच्या टीममधली सगळ्यात जाणती मुलगी शेवटच्या महिन्यात दिवसभर नव्यांच्या मागे उभी राहून त्यांना समजावत असायची आणि आपलं काम रात्री घरून करायची. वेळापत्रकात त्या रात्री कुठेच धरलेल्या नव्हत्या.

नंतर मी पुण्यातच एका लहान कंपनीत आले. सहकारी दूध संघ, गावोगावच्या दूध संस्था आणि पतसंस्था यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. इथे ग्राहक समोर बसलेला असतो, हे मला फार आवडतं. तेराच्या पानाची गोष्ट इथलीच.

दूध संस्थेचा हिशेब बाहेरून अगदी सोपा वाटतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. यंत्र फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, दाखवतं. गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5, म्हशीच्या दुधाला 6 आणि 9 असा पाया धरून दरपत्रक केलेलं असतं. आडव्या-उभ्या रकान्यांत हे दोन आकडे जिथे भेटतात तिथला दर घ्यायचा, लिटरने गुणायचं आणि दहा दिवसांनी बिल काढायचं. बिलातून पशुखाद्य, उचल, ठेव वजा करायची. एका संघाला आपल्या सगळ्या संस्थांमध्ये हे एकाच प्रोग्रॅमवर आणायचं होतं. त्या कामाचे तुकडे करून आम्ही एकेका तुकड्याचा अंदाज घेत होतो. तुकडा होता ‘दरपत्रकावरून दर काढणे’.

आम्ही पानांनी अंदाज घेतो. या पद्धतीला ‘प्लॅनिंग पोकर’ म्हणतात. जेम्स ग्रेनिंग यांनी ती 2002 मध्ये मांडली आणि माइक कोन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. प्रत्येकाच्या हातात 1, 2, 3, 5, 8, 13 अशी पानं असतात. कामाबद्दल बोलून झालं की प्रत्येकाने आपलं पान पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं. आकडे एकामागोमाग न येता असे फुगत जातात, कारण काम जितकं मोठं तितका आपला अंदाज भोंगळ, आणि वीस दिवसांच्या कामात एकोणीस की एकवीस हा वाद व्यर्थ असतो. जाता जाता सांगायला हवं, की या मालिकेला जगात फिबोनाचीचं नाव असलं तरी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हेमचंद्राने ती त्याच्या आधीच, बाराव्या शतकात, गुजरातेत सांगून ठेवली होती.

त्या दिवशी पानं उलटली तेव्हा बहुतेकांचे तीन होते, एकाचा पाच होता आणि एकाचे तेरा. तेरा ठेवणारा मुलगा सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला. त्याला कंपनीत येऊन वर्षही झालं नव्हतं आणि मीटिंगमध्ये तो विचारल्याखेरीज बोलत नसे. आमचा नियम असा की सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान पान ज्याचं, त्याने आधी बोलायचं.

तो म्हणाला, “मॅडम, यंत्र 3.45 दाखवतं. दरपत्रकात 3.4 आहे आणि 3.5 आहे. मधलं काही नाही. आमच्या गावात खालचा धरतात. शेजारच्या गावात वरचा धरतात. आमच्या वडिलांनी यावरून संस्था बदलली.”

हिशेब करून बघा. दोन रकान्यांमध्ये तीस पैशांचा फरक धरला आणि रोजचं दहा लिटर दूध धरलं, तर दहा दिवसांच्या बिलात तीस रुपये होतात. ज्याच्या घरी दुधाच्या बिलावर किराणा येतो तो माणूस तीस रुपयांसाठी पावती घेऊन संस्थेत येतो आणि त्याने यायलाच हवं. आम्ही पुण्यात बसून एक ओळ लिहिली असती, संगणकाच्या सवयीने 3.45 चं जे व्हायचं ते झालं असतं, आणि कित्येक गावांमधले वर्षानुवर्षांचे ठरलेले हिशेब एका सकाळी बदलले असते.

एकदा हे बोलणं निघाल्यावर मग बाकीच्यांनाही प्रश्न सुचायला लागले. लॅक्टोमीटरवरून एसएनएफ काढतात तिथे सूत्रातला स्थिरांक सगळीकडे एकच आहे का? दहा दिवसांच्या मधेच दर बदलला तर बिल दोन दरांनी करायचं का? दिवाळीचा दर फरक मागच्या कुठल्या तारखेपासून द्यायचा? गाय आणि म्हैस एकाच किटलीत आली तर? मी तिथूनच संघाच्या संकलन अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, “ताई, ते ज्याच्या त्याच्या संस्थेवर आहे. तुम्ही कुणाचंबी बदलू नका.” म्हणजे प्रत्येक संस्थेला आपापला नियम निवडता येईल अशी सोय हवी होती, आणि त्याआधी प्रत्येक संस्थेचा नियम विचारून लिहून काढायला हवा होता. ते काम शेवटी तेराच्याही पलीकडे गेलं. पण ते पलीकडे जाणार हे आम्हाला आणि संघालाही पहिल्याच आठवड्यात कळलेलं होतं, त्यामुळे त्यावरून कोणाचं कोणाशी वाजलं नाही.

पानं वापरायला लागण्याआधी आम्ही टेबलाभोवती क्रमाने विचारत असू. सुरुवात ज्येष्ठांपासून. ज्येष्ठाने ‘तीन’ म्हटलं की पुढचा ‘तीन-चार’ म्हणे आणि टोकाला बसलेला हा मुलगा ‘हो, तेवढंच’ म्हणे. त्याच्याजवळ माहिती तेव्हाही होती. ती बाहेर पडायला वाटच नव्हती. आपल्याकडे मोठ्यांच्या समोर वेगळा आकडा सांगणं म्हणजे त्यांचं चुकलं असं म्हणणं, आणि स्वतःसाठी मोठा आकडा सांगणं म्हणजे मला काम येत नाही असं कबूल करणं. शाळेपासून अंगात मुरलेली ही गोष्ट एका ट्रेनिंगने जात नाही. पालथं पान तेवढ्यापुरतं त्या मुलाला मोकळं करतं. या पद्धतीचं मूळ रँड या अमेरिकी संस्थेच्या 1950 च्या दशकातल्या ‘डेल्फाय’ पद्धतीपर्यंत जातं. तिथे तज्ज्ञांची मतं नाव न सांगता घेत, म्हणजे वजनदार माणसाच्या मताखाली बाकीची दबू नयेत. पुढे बॅरी बोहम यांनी ती सॉफ्टवेअरच्या अंदाजासाठी घेतली आणि तिच्यात समोरासमोरची चर्चा घातली. मला त्यातला हा चर्चेचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. सगळ्यांची पानं सारखी आली तर मी थोडी सावधच होते.

सगळंच काही बोलून उलगडत नाही. काही कामं उघडून बघितल्याशिवाय कळतच नाहीत, आणि ती बहुधा यादीत ‘अर्धा दिवस’ म्हणून लिहिलेली असतात. ‘पावती मराठीत छापणे’ हे त्यातलं माझ्या चांगलं लक्षात राहिलेलं काम. पडद्यावर मराठी व्यवस्थित दिसत होती. पीडीएफ केल्यावर ‘किसन’चं ‘कसिन’ झालं, कारण पीडीएफ करणारी लायब्ररी अक्षरं ज्या क्रमाने साठवली त्याच क्रमाने छापत होती आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची असते हे तिला ठाऊक नव्हतं. जोडाक्षरं पाय मोडलेली आली. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ऱ् काही केल्या येईना. लायब्ररी बदलली तर आमच्या सगळ्या रिपोर्टची मांडणी बदलत होती. त्यात संस्थेचा जुना डेटा युनिकोडमध्ये नव्हताच. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे खरी, पण गावोगावच्या संगणकांवर कितीतरी वर्षं असे फॉन्ट चालले ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. हजारो सभासदांची नावं तशी साठवलेली. ती बदलून घ्यायला प्रोग्रॅम लिहिला तरी शेवटी एका माणसाला बसून नावं वाचावीच लागली. माणसाचं नाव पासबुकात चुकीचं छापणं ही फार वाईट गोष्ट आहे.

तसंच ‘अक्षरी रुपये’. इंग्रजीत तीसेक शब्दांत सगळे आकडे बसतात. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याचं स्वतःचं रूप. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद असं नियमाने जाता जाता नव्याण्णव नियम मोडतं. शंभर एकटे असतात तेव्हा ‘शंभर’, पुढे एक आला की ‘एकशे एक’. हे काही अवघड नाही, पण अर्ध्या दिवसाचंही नाही, कारण शंभर ओळींचा तो तक्ता कोणीतरी शुद्धलेखनासकट तपासायचा असतो, आणि ते रूप चेकवर जाणार असतं.

गावाकडे विहीर खणणारा ठेकेदार एकरकमी भाव सांगत नाही. माती आहे तोवर एक दर, मुरूम लागला की दुसरा, काळा पाषाण लागला की तिसरा, आणि मोजणी परसाच्या हिशेबाने. खडक कुठे लागेल ते त्याला माहीत नसतं, मालकालाही माहीत नसतं, आणि हे दोघांनाही मान्य असतं. बोहम यांनी 1981 च्या पुस्तकात दाखवलं होतं की प्रकल्पाच्या अगदी आरंभी केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपटही असू शकतो, आणि गरजा, मांडणी, तपशील स्पष्ट होत जातील तसा हा पल्ला आवळत जातो. तो आपोआप आवळत नाही, कुणीतरी खाली उतरून बघावं लागतं. आम्ही आता अनोळखी कामाला आधी दोन-चार दिवस वेगळे काढतो. त्या दिवसांत काही तयार करायचं नसतं, फक्त एक पावती छापून बघायची, संस्थेतल्या एका संगणकावरचा डेटा उघडून बघायचा. आकडा त्यानंतर.

तारीख आधीच ठरलेली असते तेव्हा काय करायचं, हे मला ई-इन्व्हॉइसने शिकवलं. जीएसटीत मोठ्या व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांना दिलेली बिलं सरकारी पोर्टलवर नोंदवायची आणि तिथून क्रमांक व क्यूआर कोड घ्यायचा, अशी ही व्यवस्था. ती आधी 1 एप्रिल 2020 पासून शंभर कोटींवरच्या उलाढालीला लागू व्हायची होती. मग ती 1 ऑक्टोबरवर गेली आणि मर्यादा पाचशे कोटी झाली. पुढे 1 जानेवारी 2021 ला शंभर कोटी, 1 एप्रिल 2021 ला पन्नास, 1 एप्रिल 2022 ला वीस, अशी ती खाली येत गेली. दूध संघांना वाटायचं की दुधावर कर नाही, मग हे आपल्याला कशाला. पण करमुक्त दुधाची विक्रीही एकूण उलाढालीत धरली जाते, त्यामुळे संघ मर्यादेच्या वर जातो आणि तुपाच्या, पावडरीच्या घाऊक बिलांना ई-इन्व्हॉइस लागतं.

अशा वेळी ‘किती दिवस लागतील’ हा प्रश्न उपयोगाचा नसतो. त्या तारखेच्या सकाळी संघाच्या गेटवरून तुपाची गाडी सुटली पाहिजे, तर काय चालू असायलाच हवं, एवढाच प्रश्न उरतो. क्रमांक मिळवणं आणि क्यूआर छापणं हवंच. बिल रद्द करायला पोर्टल चोवीस तास देतं, म्हणून रद्द करण्याची सोयही हवीच. सुबक रिपोर्ट, एकगठ्ठा अपलोड, संचालकांसाठीचा तक्ता हे नंतर आलं तरी गाडी अडत नाही. संघाच्या हिशेबनिसांबरोबर एका दुपारी बसून आम्ही ही यादी केली आणि त्यांनीच त्यातल्या गोष्टी खाली ढकलल्या. तारखेशी भांडणं सोपं असतं, यादीशी भांडायला माणसं एकत्र बसवावी लागतात. सरकारी तारखाही हलतात, ही मात्र त्यातली एक अडचण. 1 फेब्रुवारी 2018 ला मालवाहतुकीसाठीचं ई-वे बिल सुरू व्हायचं होतं, पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं आणि ते 1 एप्रिलवर गेलं. आधीचे काही आठवडे जागलेल्या टीमला दुसऱ्या वेळी ‘ही तारीख पक्की आहे’ हे पटवणं फार कठीण जातं.

माणूस स्वतःच्या कामाबद्दल आशावादी असतो, याला आता पुरावे आहेत. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये या प्रवृत्तीला नाव दिलं. 1994 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज 33.9 दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात लागले 55.5. कानेमान यांचा स्वतःचा अनुभव तर अधिक बोलका आहे. इस्राएलमध्ये पाठ्यपुस्तकाच्या एका समितीत त्यांनी सगळ्यांना कालावधी लिहून द्यायला सांगितलं, सगळ्यांचे आकडे दोन वर्षांच्या आसपास आले. मग त्यातल्याच एका अनुभवी सदस्याला विचारलं, की अशा इतर समित्यांना किती वर्षं लागली? तो म्हणाला, सात ते दहा वर्षं, आणि चाळीस टक्के समित्यांचं काम पुरं झालंच नाही. त्याच माणसाने काही मिनिटांपूर्वी चिठ्ठीवर मात्र दोन वर्षांच्या आसपासच लिहिलं होतं. पुस्तकाला शेवटी आठ वर्षं लागली.

म्हणून आम्ही झालेल्या कामांची वही ठेवतो. कामाचं नाव, अंदाज, प्रत्यक्ष, आणि फरक पडला असेल तर एका ओळीत कारण. नवं काम आलं की त्यासारखं जुनं शोधायचं. कारणांचा रकाना वाचण्यासारखा आहे. ‘कोड अवघड होता’ असं तिथे क्वचितच सापडतं. ‘परवानगी यायला वेळ लागला’, ‘टेस्टिंगचा डेटा मिळाला नाही’, ‘यंत्राच्या कंपनीने केबलचं मॉडेल बदललं’, ‘सचिव बदलले’ अशाच नोंदी जास्त.

या वहीची एक अट आहे आणि ती मी मालकांकडून आधीच कबूल करून घेतली होती: पगारवाढीच्या बैठकीत ती उघडायची नाही. हिंजवडीत असाच तक्ता होता. ज्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष जुळतं त्याला चांगला शेरा. दोन तिमाह्यांत सगळ्यांचं सगळं जुळायला लागलं. सगळेच दुप्पट सांगत होते आणि काम संपलं तरी शेवटच्या दिवसापर्यंत ते दाखवत नव्हते. कामाचा आकार दिवसांऐवजी ज्यांत मोजतात त्या पॉइंटांचंही हेच झालेलं पाहिलं. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या लोकांनी दिवसांऐवजी पॉइंट वापरायला सुरुवात केली ती बाहेरच्यांनी त्यांचे ‘आदर्श दिवस’ कॅलेंडरचे दिवस समजू नयेत म्हणून. मग वरचे लोक ‘त्या टीमचे चाळीस होतात, तुमचे पंचवीसच का?’ असं विचारू लागले, आणि पुढच्या महिन्यात तेच काम चाळीस पॉइंटांचं झालं. पॉइंट बहुधा आपणच आणले असावेत आणि त्याबद्दल वाईट वाटतं, असं त्या लोकांपैकीच रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं आहे. मला ते वाचून त्यांच्याबद्दल आदर वाटला. दोष पॉइंटांचा कमीच आहे. माणसाला ज्या आकड्याने शिक्षा होऊ शकते तो आकडा तो खरा सांगणार नाही, मग एकक काहीही ठेवा.

वही कोणाच्या विरुद्ध वापरली जात नाही हे मुलांना पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र ती स्वतःहून लिहू लागली. एका मुलीने लिहिलं होतं: ‘मला हे येत नव्हतं, विचारायला लाज वाटली, तीन दिवस गेले.’ अशी ओळ जिथे लिहिता येते तिथले अंदाज मी डोळे झाकून ग्राहकाला देते.

हल्ली नवा मुद्दा येतो. “कोड तर आता एआय लिहितो ना, मग निम्मे दिवस करा,” असं संचालक मंडळातले तरुण सदस्य म्हणतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कोड लिहिण्याचा भाग खरोखर भराभर होतो, ‘अक्षरी रुपये’सारखा तक्ता आता काही मिनिटांत समोर येतो आणि तो तपासायलाच वेळ जातो. मी त्यांना आमची वही दाखवते. त्यातले फरक ज्या ओळींमुळे पडले त्या ओळी या साधनाने निम्म्या होणार नाहीत. 3.45 चं कुठल्या गावात काय करतात हे कुठल्याही यंत्राने वाचलेलं नाही, ते विचारायला त्या गावांनाच फोन करावे लागले. पण जिथे दिवस खरोखर कमी होतात तिथे ते कमी करून दाखवायला हवेत, नाहीतर बाकीच्या आकड्यांवर कोणी विश्वास का ठेवावा?

सध्या एका पतसंस्थेचा जुना कारभार नव्या प्रणालीत आणायचं काम चालू आहे. यावेळी ढोबळ आकडा मागायला आलेल्या विक्रीच्या मुलाला मी पल्ला दिला आणि दोन्ही टोकं कोटेशनमध्ये लिहायला लावली. पहिला टप्पा नुसता डेटा वाचण्याचा, त्याचे पैसे वेगळे. संस्थेच्या व्यवस्थापकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्यांच्याच जुन्या लेजरमधली दोन खाती आमच्यासमोर उघडून पाहिली आणि मान्य केलं. दर सोमवारी उरलेल्या कामाचा नवा पल्ला त्यांना कळवायचा, असं करारात लिहिलेलं आहे. तो ठरवायला ज्याच्या हातात काम आहे तोच बसतो, मी नाही. पहिल्या सोमवारी सहा ते चौदा आठवडे होते. आता नऊ ते बारा आहेत, आणि मुदत ठेवींच्या व्याजाचा जुना हिशेब अजून कळायचा आहे.